जमीन फुकट मिळाली, मग अडलं कुठे?

तुमचा प्रश्न असा आहे: ओसाड परमुलखात सरकारने फुकट जमीन देऊन वसवलेल्या शेतकरी कुटुंबांची पहिली वर्षं कशी जायची, आणि जमीन आयती मिळाल्यावर हाल कसले?

मी कालव्याच्या टेलच्या, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं त्या टोकाच्या गावात वाढलो. आमच्याकडे कोणी जमीन दाखवली की आधी विचारतात, "पाणी कुठलं?" किती एकर, ते नंतर. म्हणून या प्रश्नावर मला आठवते ती दक्षिण अर्जेंटिनातल्या चुबुत नदीकाठची वेल्श वसाहत.

28 मे 1865 ला ‘मिमोसा’ नावाचं जहाज दीडशेच्या वर वेल्श माणसं घेऊन लिव्हरपूलहून निघालं आणि 28 जुलैला पॅटागोनियाच्या, म्हणजे अर्जेंटिनाच्या दक्षिण भागाच्या किनाऱ्याला लागलं. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, या लोकांच्या मुलखात, इंग्रजीचा रेटा वाढला होता, शाळेत वेल्श बोललं म्हणून पोरांना शिक्षा व्हायची. आपली भाषा, आपलं प्रार्थनाघर सांभाळता येईल असा एक कोपरा हवा, ही कल्पना मायकेल डी. जोन्स या धर्मोपदेशकाची. अर्जेंटिनालाही शेजारच्या चिलीच्या आधी दक्षिणेत आपली वस्ती हवीच होती, म्हणून सरकारने जमीन फुकट देऊ केली. जागा पाहून आलेल्या दोघांनी तिचं जे वर्णन केलं, ते ऐकून आपल्याकडचा जमिनीचा दलालही लाजला असता.

निघाले तेव्हा घरी उन्हाळा लागत होता, उतरले ते भर हिवाळ्यात. आज जिथे पोर्तो माद्रिन शहर आहे तिथे तेव्हा धड निवारा नव्हता, गोडं पाणी नव्हतं. किनाऱ्यावरच्या मऊ खडकात खोबणी कोरून काहींनी डोकं टेकलं. उतरले त्याच दिवशी एक तरुण पलीकडे काय आहे ते पाहायला टेकडीवर चढला, तो परत आलाच नाही. पुढे कधीतरी त्याची हाडं सापडली. नदीचं खोरं तिथून सुमारे 65 किलोमीटर. पुरुष चालत गेले, बायकापोरांना गलबतात बसवलं, तर ते वाऱ्यापायी समुद्रात रखडलं.

यातले शेतकरी किती? फार थोडे. बरेचसे कोळशाच्या खाणीत राबलेले. आणि जे शेतकरी होते त्यांचीही शेती वेल्समधली, जिथे पाऊस पुरे झाला म्हणायची वेळ येते. चुबुतच्या खोऱ्यात वर्षाला जेमतेम 200 मिलीमीटर पडतो. आपल्या दुष्काळी माण तालुक्यात याच्या दुपटीहून जास्त पडतो! शेतात पाणी आणावं लागतं, हेच या मंडळींच्या गावी नव्हतं. पेरायचं आणि आभाळाकडे बघत बसायचं. पहिली पेरणी गेली. दुसऱ्या वर्षीही तेच.

त्यात आणखी एक चूक झाली. ती त्यांच्या जागी मीही केली असती. नदीला लागून जिथे गवत-झुडुपं होती तेवढीच जमीन त्यांनी कसायला घेतली. त्यापलीकडची काळी, उघडी जमीन त्यांनी नापीक ठरवून टाकली, कारण तिच्यावर काही उगवतच नव्हतं. खरं तर त्या जमिनीत कस होता, नव्हती ती फक्त ओल.

मग जगले कशावर? एक तर सरकारने जहाजाने पाठवलेल्या शिध्यावर. दुसरं म्हणजे तेवेल्चे लोकांमुळे, ज्यांचा हा मुलूख मुळातला. हे पहिल्यांदा भेटले एप्रिल 1866 मध्ये. वस्तीत लग्न चाललं होतं आणि तेवेल्चेंचा एक म्हातारा सरदार बायकोसह येऊन उभा राहिला. वऱ्हाडाची काय त्रेधा उडाली असेल! पुढे याच लोकांनी दोरीला बांधलेले दगडी गोळे भिरकावून ग्वानाको (उंटाच्या जातीचा तिथला रानटी प्राणी) आणि मोठे पक्षी पाडायला शिकवलं. इकडून पाव-लोणी, तिकडून मांस, कातडी, पिसं असा व्यवहार सुरू झाला. सरकारने फुकट वाटली ती जमीन या लोकांच्या शिकारीच्या वाटेवरची होती. पुढच्या वीस वर्षांत अर्जेंटिनाच्या फौजेने त्यांची काय दशा केली ते वेगळं उत्तर होईल.

1867 मध्ये लोकांनी गाशा गुंडाळला. सामान बांधून पुन्हा बंदरावर आले. जागा पाहून आलेल्या दोघांपैकी एक होता लुईस जोन्स; त्याने हातापाया पडून आणखी एक वर्ष थांबायला राजी केलं, म्हणून माघारी फिरले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. वसाहतीतल्या आरन जेंकिन्सने त्या ‘नापीक’ काळ्या जमिनीत गहू पेरला होता आणि तो उन्हाने माना टाकायला लागला होता. नदी मात्र काठोकाठ. तिचं पाणी शेतापेक्षा किंचित वरच्या पातळीला आहे, मधला काठ फोडला तर आपसूक आत येईल, हे त्याच्या बायकोच्या, रेचलच्या लक्षात आलं, असं तिथे आजवर सांगतात. आरनने फावड्याने चर काढला आणि पाणी पिकात सोडलं. झालं एवढंच! आमच्याकडे दहा वर्षांचं पोरगंही रात्रीच्या पाळीला दारं धरतं, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यात वळवतं, इकडचं दारं मोडून तिकडचं बांधतं. पण पाट कधी पाहिलाच नाही त्याला हे सुचणं सोपं नाही. तो गहू तरारला आणि शेजारीपाजारी फावडी घेऊन आपापल्या काठाला भिडले.

इथे त्या खाणकामगारांचं चीज झालं. नांगर हातात बसत नव्हता, पण खोदणं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आधी ज्याचा त्याचा चर, मग सामाईक पाट, मग 1880 च्या दशकात खोरंभर कालवे. त्याच सुमाराला बंदरापर्यंत रेल्वे आली आणि लुईस जोन्सच्या नावावरून त्रेलेव शहर उभं राहिलं. 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात चुबुतच्या गव्हाला बक्षीस मिळालं.

पण जी नदी शेताच्या वर चढून पाणी देते, ती कापलेलं पीकही नेते. पूर अधूनमधून येतच राहिले. 1899 चा तर घरं, प्रार्थनाघरं, कालवे सगळं धुऊन घेऊन गेला. तीन वर्षांनी दोनशेच्या वर माणसं कंटाळून कॅनडाला निघून गेली. तिथल्या माळरानावर तेव्हा दहा डॉलर फी भरली की 160 एकर मिळत होते.