आबांबद्दल लिहायचंय, पण वडील दुखावतील

कागल तालुक्यातल्या एका लेकीचं पत्र आलंय. वय सव्वीस, नोकरी पुण्यात. तिचे आजोबा, म्हणजे आबा, गावच्या तालमीचे वस्ताद होते. पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध आहे. थोरल्या चुलत्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलंय. मुखपृष्ठावर ‘कुस्तीमहर्षी’ आणि आत गदा, फेटे, आमदारांसोबतचे फोटो. "तू शिकलेली, आबांची लाडकी, दोन पानं तू लिही," असं म्हणून तिच्यावर काम सोपवलंय. दहाव्या वर्षी तिला हौद्यात, म्हणजे तालमीतल्या कुस्तीच्या मातीत, उतरवलं ते आबांनीच. गुडघा गेला, कुस्ती सुटली, तेव्हा ते एका शब्दानं बोलले नाहीत, उलट डिंकाचे लाडू घेऊन वसतिगृहावर आले. वडील मात्र म्हणतात, "तुझा आजा असंल तसा, माझा बाप तसा नव्हता. आमच्या वाटचं दूध तालमीत जायचं. बारावीला मी कुठल्या साईडला हाय, हे सुद्धा त्यांना ठावं नव्हतं." लेक विचारते, ‘मी आबांचं खरं लिहिलं तर पप्पा दुखावतील, आणि पप्पांचं खरं मानलं तर माझे आबा खोटे ठरतील. काय करू?’

बाळ, पहिली गोष्ट, तू आबांची वकील नाहीस. वडिलांना पटवत बसू नकोस. त्यांनी सांगितलेलं दूध आणि तू प्यायलेलं दूध एकाच म्हशीचं आहे. तुझ्या वाट्याला जो आजा आला तो साठीतला. तोवर तालीम ओस पडत चालली असेल, पोरं मोटरसायकलवर फिरत असतील, आणि आबांकडे वेळच वेळ असेल. तुझ्या वडिलांच्या लहानपणी तोच माणूस पहाटे चारला दुसऱ्यांच्या पोरांकडून जोर-बैठका काढून घेत होता. जे वडिलांना मिळालं नाही ते तुला मिळालं. हे मनाला लागेल, पण लिहायला बसण्याआधी स्वतःशी कबूल कर. एकदा कबूल केलंस की वडिलांचं बोलणं तुला आबांवरचा आरोप वाटणार नाही.

आता त्या दुधाबद्दल. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण १९४९ साली संस्थान विलीन झालं आणि पुढे गावोगावच्या पैलवानांचा खुराक गावकी, यात्रा कमिटी, कुठे साखर कारखाना यांच्या भरवशावर आला. जिथे तेवढंही नव्हतं तिथे वस्तादाच्या घरानं सोसलं. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळतात, ते सगळं कुणाच्या तरी घरातून जातं. गरीब शागिर्दाला बदाम आणि दूध लागतं, तेही. वस्ताद फी मागत नाही, त्यामुळे बिल घरच्यांच्या नावावर फाटतं. म्हणजे तुझ्या वडिलांनी लहानपणी तालीम चालवायला हातभार लावलाय, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. स्मरणिकेत हे एका वाक्यात येऊ दे. रडगाणं नको आणि ‘थोर त्याग’ तर अजिबात नको. ‘घरचं दूध तालमीत जायचं, मुलांच्या वाटचंही,’ एवढंच. वडिलांना आधी दाखव आणि ते नको म्हणाले तर काढून टाक.

आणि एक विचारू? तुझ्या चार पानी पत्रात आजी एकदाच आली आहे, ‘आजी चूल पेटवायची’ एवढ्यापुरती. त्या म्हशीची धार काढत कोण होतं? आजी अजून आहेत असं पत्रावरून वाटतं. मग पुण्याला परतायच्या आधी दोन दिवस त्यांच्याजवळ बस. कोणता शागीर्द किती भाकरी खायचा, कोण रुसून गेला, कुणाच्या लग्नात आबांनी पदरचे पैसे घातले, हे चुलत्यांच्या फोटोंत सापडायचं नाही. बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेव, स्मरणिकेत घ्यायचं की नाही ते नंतर बघू.

आता तुझी दोन पानं. पदव्या आणि मैदानांची यादी चुलत्यांवर सोड. १९५२ साली पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला पैसे कमी पडत होते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असं सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. खर्डेकरांना आणखी कोणकोणते मान मिळाले हे आज कुणाला विचारून बघ, सांगता येणार नाही. गहाण टाकलेलं घर मात्र कोल्हापुरात कुणीही सांगेल. तुझ्याकडेही असं काहीतरी आहे, आणि ते तू पत्रात कंसात टाकून दिलंयस.

सरावानंतर आबा रोज तुझा कान चिमटीत धरून दाबून बघायचे. पैलवानाच्या कानाला मार लागून आत रक्त साकळतं, वेळीच निघालं नाही तर तो सुजून तसाच घट्ट होतो. गडी लोक तो मोडका कान मिरवतात. आबांचे दोन्ही कान मोडलेले होते, असं तूच लिहिलंस. त्याच आबांनी तुझे कान राखले. का राखले असतील? पोरीचं पुढं लग्न व्हायचंय म्हणून? की दुखतं किती हे ठाऊक होतं म्हणून? पहिलं कारण असेल तर तेही लपवू नकोस. ते त्यांच्या काळातले होते आणि तरीही पोरीला मातीत उतरवणारे होते. महिला महाराष्ट्र केसरी ही कुस्ती स्पर्धा सुरू झाली २०२३ मध्ये, आणि तू हौद्यात उतरलीस त्याच्या किती आधी! तेव्हा ‘बाईमाणसानं लाल मातीला शिवू नये’ म्हणणारे गावात होतेच, त्यांना आबांनी काय उत्तर दिलं हे पत्रात नाही. जुन्या शागिर्दांना विचार. त्यांना घरी बोलावू नकोस, तालमीत भेट. घरी ते ‘वस्ताद म्हणजे देवमाणूस’ म्हणतील आणि चहा पिऊन जातील. हौद्याच्या कडेला उभे राहिले की आबा डाव कसा सांगायचे, कुणाच्या पाठीत कधी रट्टा घातला, हे आपसूक निघेल.

वडिलांनीही स्मरणिकेत लिहायलाच हवं, असा हट्ट धरू नकोस. त्यांच्या नावाचं पान मोकळं ठेवून त्यांना कोंडीतही पकडू नकोस.

आणि ‘कुस्तीमहर्षी’वरून चुलत्यांशी भांडत बसू नकोस. मुखपृष्ठ त्यांचं, आतली दोन पानं तुझी. मजकूर छापखान्यात द्यायच्या आधी आजीला मोठ्यानं वाचून दाखव, आणि त्या ‘असं नव्हतं गं’ म्हणाल्या तर ते वाक्य दुरुस्त कर.

— तुझी ताई