लोक तुझ्याकडं कशासाठी येतात ते आधी लिही

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगू, आधी रागच आला. "काका, सहा वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत क्वालिटीत काढली पण मला येत काहीच नाही, डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स लावू का?" कोर्स लाव नाहीतर नको लावू, पण येत काहीच नाही हे कुठनं काढलंस?

गेल्या वर्षभरात कोण कोण तुझ्याकडं काय विचारायला आलं ते आठव आणि लिही. डिग्री नको, पोस्ट नको. कोण आलं, कशासाठी आलं, तू काय केलंस, एवढंच.

मागच्या पावसाळ्यातलं तूच सांगितलंवतंस, चहा पिता पिता, जसं काय विशेष नाहीच. ओतलेल्या पार्टांचं रिजेक्शन वाढलेलं, वाळूचे साचे करणारे मोल्डिंगवाले म्हणायचे मेटलमध्ये घोळ आहे, धातू वितळवणारे मेल्टिंगवाले म्हणायचे वाळूत, आणि तू कापलेला पीस उजेडात धरून बघितलास, पोकळी आतनं गोल, गुळगुळीत, म्हणून म्हणालीस हा ब्लो होल आहे, गॅसचा, श्रिंकेज, म्हणजे धातू गार होताना आकसून पडलेलं भोक, असतं तर आतनं खडबडीत दिसलं असतं, वाळूचं मॉइश्चर चेक करा. ३-४ टक्क्यांत ठेवायचं ते वर गेलेलं. मग पुण्याच्या कस्टमरला ८डी रिपोर्ट, दोष का आला आणि काय उपाय केला ते सांगणारा, कुणी लिहिला? तूच ना? दोष ओळखणं, भांडणाऱ्या दोन खात्यांकडनं खरी माहिती काढणं आणि ती तिसऱ्याला पटेल अशी लिहिणं, हे तिन्ही एका बाईत सहज मिळत नाही. सप्लायर क्वालिटी, गाड्यांच्या पार्टांच्या क्वालिटीचं ते आयएटीएफ १६९४९ चं ऑडिट, ट्रेनिंग, टेक्निकल रायटिंग, कुठंही चालतं हे. फौंड्री सोडलीस तरी हे तुझ्याबरोबरच येणार.

आठवत नसेल तर मोल्डिंगच्या फोरमनला विचार, "मी रजेवर असले की काय अडतं?" तो जे सांगेल ते पहिल्या ओळीत लिही. आणि ज्या कामाला लोक येतात पण तुला ते नको वाटतं, ती एक्सेलची भरताभरती वगैरे, त्यावर फुली मार. येतंय म्हणून जन्मभर तेच करायचं असं कुठाय.

मी एवढा का मागं लागलोय ते ऐक. आमचे वडील उद्यमनगरात टर्नर, ऑइल इंजिनचे पार्ट करायचे. लेथचा आवाज ऐकून टूल गेलंय हे सांगायचे, आजूबाजूच्या शेडमधली पोरं त्यांना बोलवायला यायची. शेड बंद पडली तर म्हणाले मला काय येतंय, आणि घरी बसले ते बसलेच. आता स्किल इंडियात आरपीएल आहे, २०१५ नंतर आलं, हातातलं काम तपासून सर्टिफिकेट देतात. त्यांच्या वेळी कागद नव्हता, पण दारात येणारी माणसं होती की! ती कुणी मोजली नाहीत.

म्हणून मी कारखान्यातली टाइम ऑफिसची पर्मनंट नोकरी सोडली तेव्हा डिग्री बघितली नाही, लोक कशासाठी येतात ते बघितलं. शेतकरी माझ्याकडनं कर्जाचे अर्ज लिहून घ्यायचे, त्यातनंच प्रोजेक्ट रिपोर्टचं काम उभं राहिलं. सासरे वर्षभर बोलत नव्हते, पगार तुटला, पोरांच्या फीला ओढाताण झाली, ती झालीच. तरी आजही म्हणतो, बरोबर केलं. भावकी काय म्हणायची ते म्हणू दे.

तुला माझ्यासारखं एकदम सोडायची गरज नाही. पगार चालू ठेव, कागद आधी कर. त्या यादीत आकड्यांची ओढ दिसली तर डेटाचा कोर्स मीच लावायला सांगेन, पण लोक तुझ्याकडं कशासाठी येतात हे न बघता नको.

कोर्सचा पहिला हप्ता सोमवारी भरायचाय म्हणालीस, तो थांबव. रविवारी सकाळी घरी ये, कागद घेऊन ये, अर्धवट असला तरी चालेल. आणि आईला पण आण, तिला हप्त्याचं कसं सांगायचं ते मी बघतो.

तुझा,
काका