बंदुकीच्या आधी दुकान

चि.,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या बिली द किड या तरुण बंदूकबाजावरची तुझी कथा दोनदा वाचली. हात चांगला आहे. पण तुझा बिली डावखुरा आहे आणि एकविसाव्या वर्षी त्याच्या नावावर २१ खून आहेत. दोन्ही खोटं. वर्षाला एक असा हिशेब ऐकायला गोड, म्हणून तो चिकटला. त्याने एकट्याने केलेले म्हणता येतील असे खून साधारण चार, बाकीच्या चकमकी टोळीच्या. डावखुरेपणाचं म्हणशील तर तो फोटो पुन्हा काढून बघ. न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनर गावी १८७९-८०च्या सुमारास पत्र्यावर घेतलेला. अशा फोटोत डावं-उजवं आरशासारखं उलटतं. १८७३च्या विंचेस्टरला काडतुसं भरायची खाच उजव्या अंगाला असते, फोटोत ती डावीकडे दिसते. तू बंदूक नीट बघितली असतीस, तर माणूस आपोआप सुलटा झाला असता.

आता सुरुवात. तू पहिल्याच वाक्यात गोळी झाडलीस. तुझ्या वयात मीही तेच करायचो. त्याऐवजी लिंकन गावातल्या दुकानापासून सुरू कर. न्यू मेक्सिकोतलं हे एका रस्त्याचं गाव. तिथे मर्फी आणि डोलनच्या दुकानाशिवाय कुणाचं पान हलत नसे. शेतकऱ्याने माल उधारीवर उचलायचा आणि पीक त्यांनाच घालायचं. फोर्ट स्टँटनच्या लष्कराला आणि मेस्कालेरो अपाची या आदिवासींना मांस-पीठ पुरवायची कंत्राटं यांच्याकडे, शेरीफही यांच्याच बाजूचा. १८७७मध्ये जॉन टन्स्टॉल नावाच्या चोविशीतल्या इंग्रजाने त्याच रस्त्यावर दुसरं दुकान थाटलं. १८ फेब्रुवारी १८७८ला शेरीफच्या माणसांनी त्याला गोळ्या घातल्या. बिली त्याच्याकडचा पगारी गडी. १ एप्रिलला शेरीफ ब्रेडी भर रस्त्यात मारला गेला, तेव्हा मारेकऱ्यांत बिली होता. दोन दुकानांच्या या भांडणात हात अनेकांचे रंगले, शिक्षा मात्र ठोठावली गेली ती या एकट्याला.

तुझ्या कथेत नाहीच असा भाग म्हणजे त्याची पत्रं, आणि मला सगळ्यात जास्त रस त्यांत आहे. मार्च १८७९मध्ये त्याने गव्हर्नर ल्यू वॉलेसला लिहिलं की एका खुनाचा मी साक्षीदार आहे, माफी देत असाल तर साक्ष देतो. वॉलेस स्वतः कादंबरीकार, त्याला ही भेट आवडली असणार! १७ मार्चला रात्री नऊ वाजता, लिंकनमधल्या एका घरात दोघं भेटले. बिलीने शब्द पाळला, साक्ष दिली. माफी आली नाही. सरकारी वकील बिलीवरचा खटला सोडायला तयार नव्हता.

पुढे डिसेंबर १८८०मध्ये, शेरीफ म्हणून निवडून आलेल्या पॅट गॅरेटने त्याला पकडलं. सांता फेच्या तुरुंगातून त्याने वॉलेसला एकामागून एक चार पत्रं धाडली. पहिल्यात अगदी अदबीने, थोडा वेळ काढून भेटाल का, अशी विचारणा. २ मार्च १८८१च्या पत्रात बारीकशी धमकी: तुमची दोन वर्षांपूर्वीची पत्रं माझ्यापाशी आहेत, ती मिळवायला काहीजण टपलेत, पण तुमची भेट होईपर्यंत मी ती कुणाला देणार नाही. मग दोनच दिवसांत, दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात दिलेला शब्द विसरलात वाटतं, असा टोमणा. उत्तर एकालाही नाही. मार्चमधल्या पत्रांच्या वेळी तर गव्हर्नर त्याच गावात होता. सरकारी कचेरीत अर्ज टाकून बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शिक्षा झाल्यावर त्याला लिंकनला आणून ठेवलं. तिथून तो निसटला तो २८ एप्रिलला, दोन पहारेकऱ्यांना मारून. त्यावर तू सहा पानं घातलीस, दोन पुरेत. उरलेली चार पत्रांना दे.

आणि शेवटचं भाषण काप. तो मेक्सिकोत पळून जाऊ शकला असता, पण गेला ओळखीच्या फोर्ट समनरला. १४ जुलैच्या रात्री गॅरेट तिथल्या पीट मॅक्सवेल नावाच्या रहिवाशाच्या अंधाऱ्या खोलीत बसला होता. गॅरेटच्या सांगण्याप्रमाणे बिली अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांत, एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्यात मांस कापायची सुरी घेऊन आत आला. अंधारात कुणीतरी बसलंय एवढंच त्याला कळलं. स्पॅनिशमध्ये त्याने विचारलं, ‘किएन एस?’ कोण आहे? उत्तरादाखल गॅरेटची गोळी आली. त्याचं शेवटचं बोलणं तेवढंच राहू दे.

नवा खर्डा एक ओळ सोडून लिही, मला सुधारायला जागा लागते.

तुझा,
काका