रॅचेटला ग्रीस किती लावायचं?

नवा रॅचेट, म्हणजे न काढता पुढे-मागे हलवून नट फिरवायचा दातेरी पाना, घेतलास, छान केलंस. पण तू पेडण्यात, समुद्राजवळ राहतोस. तिथल्या खाऱ्या हवेत क्रोमवर ओरखडा पडला की तिथूनच गंज धरतो. म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी एकदा तो उघडून साफ करच.

उघडल्यावर, आतले भाग सुटे करण्याआधी त्यांचा मोबाइलवर फोटो काढ आणि काम ताटात कर. आतली स्प्रिंग एवढीशी असते, उडाली की सापडत नाही. जुनी घाण रॉकेल आणि ब्रशने काढ, नीट वाळू दे.

खरी चूक होते ती ग्रीसमध्ये. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस ठासून भरलं की खटका, म्हणजे दात्यांत अडकणारा छोटा तुकडा, चिकटतो, दात्यात पुरता बसत नाही आणि जोर लावताच सटकतो. मग बोटं सोलवटतात. ७२ दात्यांच्या रॅचेटमध्ये एक दाता म्हणजे जेमतेम ५ अंश, इतके ते बारीक. मी पातळ ग्रीस बोटाच्या टोकावर घेऊन दात्यांवर नुसतं पुसतो. फिरवल्यावर टकटक स्वच्छ ऐकू यायला हवी. आवाज दबला तर ग्रीस जास्त झालंय, पुसून काढ.

टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना, मात्र उघडू नकोस, माप बिघडेल. काम झालं की तो सर्वांत कमी मापावर आणून ठेव.