शुल्कमाफी आहे, पण ती विद्यार्थ्याला कळते केव्हा?

प्रश्न : वंचित घरांतील मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि शुल्कमाफीच्या योजना असतानाही त्यांतील हुशार मुलेदेखील नामवंत विद्यापीठांकडे अर्जच करत नाहीत. यात पैशाचा भाग किती आणि जिद्दीच्या अभावाचा किती?

उत्तर : जिद्द कमी पडते, हे म्हणणे मला मान्य नाही, कारण अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगातून नेमके उलटे दिसले. राज्यातील कमी उत्पन्नाच्या घरांतील गुणवान विद्यार्थ्यांना विद्यापीठाने पत्रे धाडली की, प्रवेश मिळाल्यास चार वर्षांचे शुल्क माफ होईल आणि त्यासाठी उत्पन्नाचा कोणताही अर्ज भरावा लागणार नाही. यांतील बहुतेकांना नेहमीच्या नियमांनीही जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. तरीही पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्के मुलांनी अर्ज केला, तर न मिळालेल्यांपैकी अवघ्या २६ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाणही १२ टक्क्यांऐवजी २७ टक्के भरले.

मदत मिळू शकेल असे ऐकणे आणि ती मिळणारच हे आधीच लेखी हाती असणे, यांत गरीब घराच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर आहे. ज्या घरात याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तिथे उत्पन्नाचा दाखला, जोडपत्रे, शेवटची तारीख यांतले काहीही चुकले, तर सावरून घेणारे कोणी नसते. अमेरिकेतच २००८ मध्ये करविवरणपत्रे भरून देणाऱ्या केंद्रांत पालकांना आर्थिक मदतीचा अर्ज तिथल्या तिथे भरून दिला गेला, तेव्हा त्यांच्या शाळा संपवणाऱ्या मुलांपैकी पुढची दोन वर्षे महाविद्यालयात पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेले. ज्यांना नुसती माहिती दिली, त्यांच्यात काहीच सुधारणा झाली नाही. माहितीपत्रके वाटून समाधान मानणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे ध्यानात घ्यावे.

पैशाची अडचण खरीच आहे, आणि शुल्काच्या पावतीवर दिसते त्याहून ती मोठी असते. प्रवेशयादी लागली की आठवडाभरात रक्कम भरायची असते आणि शिष्यवृत्ती खात्यात येते ती अनेकदा निम्मे सत्र उलटल्यावर. मधल्या काळात वसतिगृहाची अनामत, खानावळ आणि पुस्तके यांसाठी घरचे उसनवारी करतात किंवा मुलीचे शिक्षण तिथेच थांबते. कमावत्या वयातील मुलाची बुडणारी मजुरी तर योजना आखणारे सहसा हिशेबातच धरत नाहीत.

प्रश्न : मग शैक्षणिक कर्जाने भागेल का?

उत्तर : परतफेड कशी ठरते, यावर ते अवलंबून आहे. ठरलेल्या मुदतीनंतर हप्ता सुरू होणारे कर्ज नोकरी लागली नाही म्हणून थांबत नाही, त्यामुळे हाताशी काहीच नसलेली घरे त्याच्या वाटेला जायला कचरतात. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावरच करासोबत वसुली होते, आणि ही पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. मात्र तिथेही थकबाकी महागाईशी जोडलेली असल्याने २०२३ मध्ये ती एकदम ७.१ टक्क्यांनी वाढली आणि पुढच्या वर्षी कायदा करून ती वाढ ३.२ टक्क्यांवर आणावी लागली. माझ्या मते शुल्कासाठी असे कर्ज चालेल. राहण्याजेवण्याच्या खर्चासाठी मात्र थेट अनुदानच हवे, आणि तेही सत्र सुरू होण्याआधी विद्यार्थ्याच्या हाती पडले पाहिजे.