बडोद्याला समुद्र नाही, मग मुंबईतल्या वर्सोव्याच्या किनारा सफाईतून आपण काय घ्यायचं?

समुद्र नाही, पण विश्वामित्री आहे ना! पावागडाकडून येते, शहरातून वळसे घेत पुढे ढाढर नदीला मिळते आणि तिथून थेट खंभातच्या आखातात. म्हणजे दांडिया बाजारातल्या गटारात टाकलेली वेफर्सची पुडी समुद्रात पोहोचू शकते, फक्त पावसाळ्याची वाट बघते. 2024 च्या ऑगस्टमधला पूर ओसरल्यावर काठच्या झुडपांवर लटकलेल्या पिशव्या आठवा.

अफरोज शाह हे मुंबईचे वकील. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये एका वयोवृद्ध शेजाऱ्याला घेऊन ते वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचरा उचलायला उतरले. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला, 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. फोटो याचेच फिरतात. मला विचाराल तर खरी अक्कल पुढची: किनारा झाडून भागत नाही म्हटल्यावर ते मिठी नदीकडे आणि काठच्या वस्त्यांकडे वळले. कचरा जिथून वाहत येतो, त्या वरच्या टोकाला आपण आहोत.

तेव्हा सुरुवात घरातून करा. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पाडू नका, लोंबता ठेवा. तो चिमुकला तुकडा कुणी भंगारवाला वेचत नाही. पिशवी धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात.

आणि उत्साहाच्या भरात थेट नदीपात्रात उतरू नका. विश्वामित्रीतल्या मगरींना तुमचा हेतू कळत नाही.