पायाची खोदाई चालू असताना कमिशनिंगची नोकरी कशासाठी?

गुहागर तालुक्यातील एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी इन्स्ट्रुमेंटेशन शाखेच्या शेवटच्या वर्षाला असून तिच्या हाती दोन नेमणुका आहेत: एक नवी मुंबईतील डिझाइन ऑफिसात, दुसरी रायगडच्या किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या एका रासायनिक प्रकल्पाच्या कमिशनिंग नियोजन विभागात. त्यांनी जागेवर जाऊन पाहिले, तेव्हा तिथे अजून पायाची खोदाईच चालू होती. ‘यंत्रे चालू करण्याचे काम सर्वांत शेवटी येते, मग आजपासून मुलीला बसवून काय करणार? नुसती कारकुनी तर नाही ना? आणि कारखाना सुरू झाला की नोकरीही संपणार का?’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

सही करण्याआधी जागा डोळ्यांनी पाहून आलात, हे फार चांगले केलेत. मात्र जे पाहून आपल्याला संशय आला, तीच मला या नेमणुकीची जमेची बाजू वाटते. पाया खोदला जात असताना कमिशनिंगची माणसे नेमणारी कंपनी आपले काम जाणते. जिथे ही माणसे उभारणी संपत आल्यावर बोलावली जातात, तिथे पुढची सगळी ओढाताण त्यांच्याच वाट्याला येते.

याचे कारण असे, की बांधकाम जागेनुसार पुढे सरकते आणि कारखाना प्रणालीनुसार चालू होतो. कंत्राटदार पूर्वेकडचा पाइपरॅक (पाइप वाहून नेणारा सांगाडा) आधी संपवतो, कारण क्रेन तिथे उभी आहे आणि बिलही त्याचे लवकर निघते. परंतु चालू करताना आधी वीज घ्यावी लागते, मग उपकरणांसाठी कोरडी हवा, कूलिंग वॉटर, क्षारमुक्त पाणी, वाफ, नायट्रोजन, आणि हे सगळे जागच्या जागी आल्यावरच मुख्य प्रक्रियेला हात लावता येतो. नव्वद टक्के पाइप बसले म्हणून कागदावर प्रगती कितीही छान दिसली, तरी उरलेले दहा टक्के इन्स्ट्रुमेंट एअरच्या, म्हणजे उपकरणांच्या त्या कोरड्या हवेच्या, वाटेवरचे असतील तर तिच्यावर चालणारा एकही कंट्रोल व्हॉल्व्ह हलणार नाही. म्हणून कोणती प्रणाली कोणत्या क्रमाने हवी हे आधी ठरवून, त्या क्रमावरून उलटे मोजत बांधकामाच्या तारखा लावाव्या लागतात. आणि डिझाइनचे कागद अजून बदलता येतात तोवरच हे काम स्वस्तात होते.

आपल्या मुलीला पहिले वर्ष बहुधा हेच करावे लागेल. पीअँडआयडीचे, म्हणजे कारखान्यातले सगळे पाइप आणि उपकरणे दाखवणाऱ्या आराखड्यांचे, मोठे कागद टेबलावर पसरून, रंगीत पेनांनी एकेका प्रणालीची हद्द आखायची. हद्दीवरचा व्हॉल्व्ह अलीकडच्या प्रणालीत धरायचा की पलीकडच्या, यावर प्रोसेसच्या माणसांशी वाद घालायचा. मग प्रत्येक लाइन, केबल आणि ट्रान्समीटर (दाब, तापमान वगैरे मोजून सिग्नल पाठवणारे उपकरण) यांच्या टॅग क्रमांकापुढे त्या प्रणालीचा क्रमांक नोंदवायचा. याला कारकुनी म्हणता येईल, नाही असे नाही. परंतु हे काम मन लावून केलेल्या माणसाला पुढे संपूर्ण कारखाना तोंडपाठ असतो, आणि डिझाइन ऑफिसात फक्त आपल्या वाट्याच्या लूप डायग्राम (एकेका उपकरणाच्या जोडणीचे नकाशे) काढणाऱ्याला ती संधी सहसा मिळत नाही.

हद्दी आखतानाच पुढच्या अडचणी दिसू लागतात. वाफेच्या मुख्य लाइनमधील वेल्डिंगचा कचरा टर्बाइनमध्ये जाऊ नये म्हणून ती लाइन आधी वाफेच्या जोरदार झोताने साफ करतात; त्यासाठी तात्पुरता पाइप, सायलेन्सर आणि त्यांना पेलणारे आधार लागतात. या आधारांचे पाये आज सिव्हिलच्या ड्रॉइंगमध्ये आले तर चार बैठकांत काम होते. दोन वर्षांनी आठवण झाली तर झालेले काँक्रीट फोडावे लागते. हायड्रोटेस्टच्या, म्हणजे पाइपात दाबाने पाणी भरून घ्यायच्या चाचणीच्या, पाण्याचेही तसेच. किनाऱ्यालगतच्या बोअरवेलचे पाणी अनेकदा मचूळ असते, आणि असे क्लोराइडचे पाणी स्टेनलेस स्टीलच्या पाइपात साचून राहिले तर त्याला खड्डे आणि चिरा पडू शकतात. तेव्हा चाचणीला पाणी कुठून आणायचे, ते नंतर कुठे सोडायचे आणि पाइप किती दिवसांत कोरडे करायचे, हे आधीच ठरलेले बरे.

कोकणात त्यात पावसाळ्याची भर पडते. पाऊस सुरू झाल्यावर कोणी लाकूडफाटा भरायला निघत नाही, ती आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी उरकायची कामे; प्रकल्पाचेही तेच. जून ते सप्टेंबर दमट, खारट हवेत उघड्यावर पडलेल्या मोटरचे इन्सुलेशन ओलावा धरते आणि मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) लावल्यावर रीडिंग खाली येते. त्यामुळे गोदामातच मोटरच्या स्पेस हीटरला (मोटर आतून कोरडी ठेवणाऱ्या हीटरला) वीज द्यावी लागते, पंपाचे शाफ्ट ठरावीक दिवसांनी हाताने फिरवावे लागतात, आणि त्याची नोंद ठेवावी लागते. शिवाय पुष्कळ पुरवठादारांची हमी ‘चालू केल्यापासून १२ महिने किंवा पाठवल्यापासून १८ महिने, जे आधी संपेल ते’ अशी असते. म्हणजे घाईने मागवलेला पंप प्लास्टिकखाली दोन पावसाळे पडून राहिला, तर पहिल्यांदा चालू होण्याआधीच त्याची हमी संपलेली असू शकते. खरेदीच्या वेळी हे विचारणारे कोणीतरी टेबलावर हवे, आणि तो माणूस सहसा कमिशनिंगचाच असतो.

आपण गुहागरचे, त्यामुळे दाभोळच्या एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनलची हकीकत आपल्याला माहीत असेलच. २०१३ मध्ये ते सुरू झाले, पण लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्यामुळे कित्येक वर्षे पावसाळ्यात तिथे जहाजे लागू शकत नव्हती. टाक्या, पंप, गॅसची लाइन सगळे तयार, आणि अडले ते समुद्रात. बाहेर पाहायचे तर बर्लिनचा नवा विमानतळ जून २०१२ मध्ये उघडायचा होता. आगीच्या वेळी धूर बाहेर काढणारी यंत्रणा नीट चालत नसल्याने उद्घाटन जेमतेम महिनाभर आधी रद्द झाले आणि विमानतळ उघडला ऑक्टोबर २०२० मध्ये. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे टर्मिनल ५ मार्च २००८ मध्ये ठरल्या दिवशी उघडले खरे, पण बांधकाम लांबल्यामुळे त्याआधीच्या चाचण्या आणि कर्मचाऱ्यांचा सराव कमी केला होता. पहिल्याच दिवशी सामानाची यंत्रणा कोलमडली. उशीर बांधकामात होतो आणि वेळ चाचणीच्या दिवसांतून कापली जाते, ही या धंद्यातली जुनी रड आहे.

आता नोकरीच्या टिकाऊपणाविषयी. प्रकल्प चालू झाला की त्या जागेवरचे कमिशनिंगचे काम संपते, हे खरे आहे, आणि त्यावर मी पांघरूण घालणार नाही. काही जण तिथेच ऑपरेशन किंवा मेंटेनन्समध्ये सामावले जातात, बाकीचे पुढच्या प्रकल्पावर जातात, मग तो गुजरातेत असो की आखातात. शेवटच्या महिन्यांत रात्रपाळ्या असतात, बारा-बारा तास उभे राहावे लागते, आणि सणाला घरी येता येईलच असे नाही. ज्याला गाव आणि घर सोडवत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. मात्र एक कारखाना कोऱ्या कागदापासून पहिल्या उत्पादनापर्यंत पाहिलेला इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस कामाविना फार काळ बसलेला मी तरी पाहिलेला नाही.

डिझाइन ऑफिसची नेमणूकही वाईट नाही. नवी मुंबईत राहणे सोपे आणि कामाचे तास ठरलेले. तरीही खालील गोष्टींची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर माझा कल रायगडकडे आहे. नेमणूक कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावर आहे की थर्ड पार्टीमार्फत? मुलगी कमिशनिंग मॅनेजरच्या हाताखाली असेल की नुसत्या प्लॅनिंग विभागात तक्ते भरत बसेल? आणि सर्वांत महत्त्वाचे, उभारणी संपत आल्यावर तिला साइटवर लूप चेकिंगला, म्हणजे उपकरणापासून कंट्रोल रूमपर्यंतची जोडणी तपासायला, पाठवणार का? आपण आखलेल्या प्रणालीतल्या ट्रान्समीटरला ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल देऊन, कंट्रोल रूममध्ये १२ मिलिअँपिअरला बरोबर ५० टक्के दिसतात का हे वॉकीटॉकीवर विचारण्याची पाळी तिच्यावर आली नाही, तर आधीची दोन वर्षे अर्धी वाया जातील. हे उत्तर तोंडी घेऊ नका, नेमणूकपत्रात किंवा निदान ईमेलवर घ्या. राहण्याची आणि रात्रपाळीच्या वाहनाची सोय काय, हेही त्यातच विचारावे. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

तोवर तिने पीअँडआयडी आणि कॉज अँड इफेक्ट चार्ट (काय बिघडले की कोणते यंत्र आपोआप बंद होते, याचा तक्ता) वाचण्याचा सराव करावा, एक्सेल पक्के करावे, प्रायमाव्हेरा या प्रकल्प-नियोजनाच्या सॉफ्टवेअरची तोंडओळख करून घ्यावी आणि पासपोर्ट काढून ठेवावा.

एक गोष्ट मात्र खटकली. आपल्या पत्रात जागेचे वर्णन आहे, पगाराचे आकडे आहेत, आपली काळजीही आहे, पण मुलीला स्वतःला काय वाटते याची एक ओळही नाही. पुढचे पत्र तिनेच लिहावे, आणि कंपनीकडून आलेली उत्तरे सोबत जोडावीत. ती वाचूनच मी शेवटचे मत देईन.